मुखपाक आणि त्याची चिकित्सा
(वर्धापनदिनानिमित्त सिल्वासा येथे मठाच्या सभामंडपात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत वेदान्तावर, भक्तीवर अथवा मठाच्या परंपरेवर बोलावे, असा आपला शिरस्ता आहे. मलाही 'वाणीची उपासना' हा विषय नेमून देण्यात आला होता. तो विचार करीत असता माझ्या मनात असे आले की, वाणीची थोरवी गाणारे पुष्कळ आहेत. परंतु ती ज्या घरात राहते त्या घराची, म्हणजे मुखाची, झाडलोट कोण पाहतो? म्हणून श्रीगुरूंची अनुज्ञा घेऊन मी विषय थोडा खाली उतरविला आहे. 'तोंड येणे' या नित्याच्या, क्षुल्लक मानल्या गेलेल्या व्याधीविषयी मी आज बोलणार आहे. आपले गुजराती बांधव 'मोढामां चांदां पड्यां' म्हणतात, शास्त्र 'मुखपाक' म्हणते, दुखणे एकच. ते क्षुल्लक आहे असे मीही पुष्कळ वर्षे समजत होतो. ते नेहमीच क्षुल्लक नसते, हे मला ज्या प्रकारे कळले तेही सांगावयाचे आहे, आणि खरे पाहता त्यासाठीच मी हा विषय मागून घेतला.

पाठशाळेत ज्यांनी चार दिवस काढले आहेत त्यांना हे ठाऊक आहे की, संथेच्या दिवशी बटूंची तोंडे फार येतात. पाठ झाला नसला म्हणजे ओठ दाबून धरून 'गुरुजी, तोंड आले आहे' असे सांगणारा विद्यार्थी प्रत्येक पिढीत असतो. मी स्वतः त्या संप्रदायातलाच. परंतु ज्याला खरोखर जिभेच्या कडेस फोड आहे, त्याची अवस्था निराळी. त्याला 'त' म्हणवत नाही, 'ट' म्हणवत नाही, आणि भाताचा घास घेताना डोळ्यांत पाणी उभे राहते. शिक्षाशास्त्रात वर्णांची आठ स्थाने सांगितली आहेत : उर, कंठ, शिर, जिह्वामूल, दंत, नासिका, ओष्ठ आणि तालू. आता सुश्रुताचार्यांनी मुखरोगांची जी सात अधिष्ठाने सांगितली ती पहा : ओष्ठ, दंतमूल, दंत, जिह्वा, तालू, कंठ, आणि सातवे म्हणजे सर्व मुख. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या असता ओष्ठ, दंत, जिह्वा, तालू आणि कंठ ही पाच ठिकाणे दोहोंत समान आढळतात. वैयाकरणाला जेथे वर्ण दिसतो, तेथेच वैद्याला व्रण दिसतो. माझ्यासारख्या पढिकाला या योगायोगाचे फार कौतुक वाटे, आणि वर्गात ते मी रंगवून सांगत असे.

सुश्रुतांनी मुखरोगांची संख्या पासष्ट दिली आहे. ओठांचे आठ, हिरड्यांचे पंधरा, दातांचे आठ, जिभेचे पाच, टाळूचे नऊ, कंठाचे सतरा आणि सर्व मुख व्यापणारे तीन. हे शेवटचे तीन, ज्यांना 'सर्वसर' म्हणतात, तोच आपला मुखपाक. वाग्भटांनी एकूण मुखरोग पंचाहत्तर मोजले आणि सर्व मुखाच्या विकारांत आणखी भर घातली. त्यांतील 'अर्बुद' हे नाव लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे. सुश्रुतांच्या तीन प्रकारांची लक्षणे थोडक्यात अशी : वाताच्या मुखपाकात फोड टोचतात, पित्ताच्या मुखपाकात ते लाल वा पिवळसर, पातळ आणि दाह करणारे असतात, कफाच्या मुखपाकात कंड असते, वेदना मंद असते आणि फोडांचा वर्ण आजूबाजूच्या त्वचेसारखाच असतो. घरोघर आपण ज्याला 'उष्णता झाली' म्हणतो तो बहुधा यांतला दुसरा प्रकार.

आजचे दंतवैद्य ज्या फोडांना निव्वळ 'तोंडाचे छाले' म्हणतात, तेही ओळखावयास सोपे आहेत. ओठाच्या वा गालाच्या आतील मऊ अस्तरावर, जिभेच्या कडेला किंवा तिच्याखाली वाटोळा वा लंबगोल व्रण पडतो. मधोमध पांढुरका-पिवळा, कडेने लाल वलय. आकार बहुधा एका सेंटिमीटरच्या आत. सात ते चौदा दिवसांत तो आपोआप भरून येतो, खूण ठेवीत नाही, आणि काही महिन्यांनी पुन्हा उद्भवतो. त्याचे नेमके मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नाही. तथापि दाताची धार लागणे, गाल चावला जाणे, जागरण, मनाचा ताण, काही जणांत विशिष्ट अन्न, आणि शरीरात लोह, फोलिक आम्ल किंवा ब-बारा या जीवनसत्त्वाची उणीव, ही निमित्ते सर्वमान्य आहेत.

आता चिकित्सा. आपल्या शास्त्रात मुखाचे उपचार करण्याच्या रीती इतक्या बारकाईने सांगितल्या आहेत की, त्या वाचताना ते लिहिणाऱ्याने असंख्य मुखे पाहिली असावीत याविषयी शंका राहत नाही. औषधी द्रव तोंडात इतका भरावा की तो हलविताच येऊ नये, तो 'गंडूष'. सुखाने खळखळविता येईल इतकाच घ्यावा, तो 'कवल'. चूर्ण किंवा कल्क बोटाने लावून चोळणे, हे 'प्रतिसारण'. गंडूषाचे चार प्रकार : स्निग्ध, शमन, शोधन आणि रोपण. व्रण भरून आणावयाचा असता रोपण, दाह असता शमन. द्रव किती वेळ धरावा? घड्याळ नव्हते, म्हणून सांगितले की तोंड कफाने भरेपर्यंत, किंवा नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि वाग्भटांनी एक सूचना अशी घातली आहे की, पाच वर्षांखालील बालकास कवल देऊ नये. मूल ते गिळून टाकील किंवा त्याला ठसका लागेल, हे त्या थोर पुरुषाच्या ध्यानात होते.

या प्रदेशात औषधींची वाण नाही. जाईची पाने हा मुखपाकावरचा ग्रंथोक्त आणि घरगुती, असा दोन्ही अंगांनी सिद्ध उपाय आहे. दोन-तीन कोवळी पाने धुऊन सावकाश चावावीत आणि रस तोंडात घोळवून थुंकावा. त्रिफळ्याचा काढा कोमट करून त्याचा कवल घ्यावा. ज्येष्ठमधाचा तुकडा दाढेखाली धरावा. वाळवंडलेल्या, चिरलेल्या ओठांस तूप लावावे. कोवळे हिरवे तोंडले चावून त्याचा रस जिभेवरच्या फोडांस लागू देण्याची रीतही पुष्कळ घरांत आहे. यांपैकी काहीच हाताशी नसेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी. हा उपाय गरिबाचा म्हणून हिणवू नये, दंतवैद्यही तोच प्रथम सांगतात. फोड असताना दातवणाची काडी घेऊ नये असे सुश्रुतांनी स्पष्ट म्हटले आहे. त्या दिवसांत मऊ कुंचल्याने किंवा बोटाने दात स्वच्छ करावेत, तिखट, आंबट, कढत वर्ज्य करावे, आणि दूधभात, पेज, ताक यांवर राहावे.

परंतु या भूमीचे खरे मुखौषध म्हणजे खैर. आपल्या दादरा आणि नगर हवेलीच्या रानात साग, शिसव यांच्या बरोबरीने खैर उभा आहे. सुश्रुतांनी तुरट रसाच्या दातवणांत खैराला श्रेष्ठ ठरविले. चरकसंहितेत त्रिमर्मीय अध्यायात खदिरादि गुटिका सांगितली आहे, तिचा पाया खैराच्या सारावरच रचला आहे. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळून, तो काढा आटवून, थापून, वाळवून जो होतो तो कात. आणि हा कात करण्याच्या विद्येवरून ज्यांच्या जमातीला नाव पडले ते आपले काथोडी बांधव, ज्यांना कातकरीही म्हणतात. आपण वर्गात 'खदिरसार' हा शब्द घोकतो; परंतु तो खदिरसार ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धुरात बसून शिजविला, त्यांना मठाच्या ओसरीवर बसावयास आपण किती वेळा बोलाविले, याचा हिशेब मला तरी सुखाचा वाटत नाही. असो.

काताचे कार्य सोपे आहे. त्यातील तुरट द्रव्य व्रणाच्या पृष्ठभागावरील प्रथिनांशी संयोग पावून एक पातळ पापुद्रा धरते. त्यामुळे लाळ आणि अन्न व्रणास झोंबत नाहीत, रक्त येणे थांबते आणि खालची त्वचा भरावयास अवसर मिळतो. शुद्ध कात चिमूटभर, पाण्यात वा मधात कालवून फोडावर लावावा. येथे 'शुद्ध' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पानाच्या दुकानातील काताचे सर्व डबे खैराने भरलेले असतात असे मानण्याचे कारण नाही.

जाता जाता इतिहासातील एक गोष्ट सांगतो. हा प्रदेश १७८३ पासून पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, हे सर्वांस विदित आहे. त्याच पोर्तुगीजांचा एक विद्वान वैद्य, गार्सिया द ओर्ता, सोळाव्या शतकात गोव्यास राहिला. त्याने भारतीय औषधींवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात काताविषयी स्वतंत्र संवाद आहे. प्राचीन ग्रीक वैद्य भारतातून येणारे 'लायकियम' नावाचे एक औषध वापरीत. ते म्हणजे हाच कात, असा निर्णय ओर्ताने दिला. तो चुकला. पुढे एकोणिसाव्या शतकात रॉयल या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखविले की ते औषध म्हणजे आपले रसांजन, दारुहळदीच्या काढ्यापासून आटविलेले. आणि मौज अशी की, आपल्या ग्रंथांत मुखपाकावर दार्वीची, म्हणजे दारुहळदीची, रसक्रियाही सांगितलेलीच आहे. म्हणजे ओर्ताने झाड चुकविले तरी रोग चुकविला नव्हता. दारुहळद आपल्या रानात होत नाही, ती हिमालयाकडून येते. काष्ठौषधींच्या विश्वासू दुकानातूनच ती घ्यावी, आणि स्वयंपाकाच्या हळदीस दारुहळद समजू नये.

एका घरगुती उपायाविषयी मात्र कठोरपणे बोलले पाहिजे. टाकणखाराची लाही मधात खलून तान्ह्या मुलांच्या तोंडाला लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मोठ्या माणसाने ती जपून, वरवर लावून थुंकून टाकली तर निराळे. परंतु तान्हे मूल लावलेले सर्व गिळते. टाकणखार पोटात साठून बालकांना आकडी आल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. आणि एक वर्षाच्या आतील मुलास मधही देऊ नये. त्यातील विशिष्ट जंतूंच्या बीजांमुळे बालकाचे स्नायू लुळे पडण्याचा एक दुर्मिळ परंतु भयंकर रोग होऊ शकतो. आजीबाईंचा राग ओढवून घेऊन मी हे सांगतो. तान्ह्याच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला, तर तो बहुधा बुरशीचा असतो. त्यावर डॉक्टरांकडे साधे, स्वस्त औषध आहे. असाच थर मधुमेही माणसाच्या, कवळी रात्रीही न काढणाऱ्याच्या, किंवा दम्यासाठी फवारा ओढून नंतर चूळ न भरणाऱ्याच्या तोंडात आढळतो. तेथे जाईची पाने कितीही चघळली तरी मूळ कारण तसेच राहते.

जे छाले वरचेवर येतात, त्यांचे मूळ पुष्कळदा तोंडात नसून रक्तात असते. या संबंधात मुंबईत घडलेली एक हकीकत आठवते. १९२८ नंतरच्या वर्षांत लुसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर बाई मुंबईस येऊन हाफकीन संस्थेत संशोधन करीत होत्या. गिरणीकामगार गर्भवती स्त्रियांना एका विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होई. या रक्तक्षयात जीभ लाल, गुळगुळीत आणि दुखरी होते. या स्त्रिया यकृताचा अर्क न देताही, मळीसारख्या दिसणाऱ्या यीस्टच्या साध्या अर्काने बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील ते अज्ञात द्रव्य पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि लॅटिन भाषेतील 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल असे नाव पडले. म्हणजे परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या, बहुधा कोकणातून आणि घाटावरून आलेल्या स्त्रियांच्या आजाराने जगाला हे जीवनसत्त्व दिले. आपल्या भागास याचे विशेष महत्त्व आहे. येथील वारली, कोकणा, धोडिया इत्यादी समाजांत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो, आणि त्यात फोलिक आम्लाची गरज वाढते. ज्या मुलाचे तोंड वारंवार येते, जे फिकट दिसते, लवकर दमते, ज्याचे सांधे दुखतात, त्याला पुन्हा पुन्हा गंडूष देत बसू नये; त्याचे रक्त तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्याही तपासणीवाचून आपल्या मनाने चालू करू नयेत. आता सिल्वासा येथे शासकीय रुग्णालय आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. लांब जावे लागते ही सबब उरलेली नाही.

सभाजन हो, आता मी त्या गोष्टीकडे येतो.

मठाच्या गोठ्याची व्यवस्था एक वृद्ध गृहस्थ पाहत असत. वारली समाजाचे, सर्व बटू त्यांना 'बाबा' म्हणत. त्यांना चुना-तमाखूची सवय होती, ती सोडविण्याचा प्रयत्न मी एकदोनदा केला आणि मग सोडून दिला. एका श्रावणात त्यांनी मला जीभ दाखविली. डाव्या कडेला, तुटलेल्या दाढेच्या समोर, लहानसा व्रण होता. मी पाठशाळेत मुखरोगांचे श्लोक शिकविणारा. माझ्याकडे उपाय तयारच होते. जाईची पाने दिली, त्रिफळ्याचा काढा दिला, नंतर कात आणि मध. दर आठवड्यास मी विचारी, 'बाबा, कसे काय?' आणि ते हात जोडून म्हणत, 'बरे वाटते, महाराज.' व्रण फारसा दुखत नव्हता, हे मी सुचिन्ह समजलो. तुरट औषधाने वेदना कमी झाली, असेच मला वाटले. ते 'बरे वाटते' हे औषधाविषयी नसून माझ्याविषयी होते. समोरच्या माणसाचे मन मोडू नये म्हणून ते उच्चारलेले होते, हे मला तेव्हा कळावयास हवे होते.

असे चार महिने गेले. मार्गशीर्षात त्यांचे बोलणे जड झाले. जबड्याखाली एक कठीण गाठ हाताला लागू लागली. मग धावपळ झाली. तुकडा काढून तपासला, आणि कर्करोग निघाला. मुंबईस शस्त्रक्रिया झाली, जिभेचा मोठा भाग काढावा लागला. त्यानंतर ते दीड वर्ष होते. गोठ्यात येऊन बसत, गायींच्या पाठीवरून हात फिरवीत. शब्द उमटत नसे. मी समोर गेलो की पूर्वीप्रमाणेच हात जोडीत. गेल्या वर्षी ते गेले.

ते गेल्यानंतर मी चिकित्सास्थानातील मुखरोगांचा अध्याय पुन्हा उघडला. पासष्ट मुखरोगांपैकी एकोणीस असाध्य म्हणून सुश्रुतांनी तेथे नावे घेऊन सांगितले आहेत. त्यांत जिभेचा 'अलास' आहे : जिभेखाली दारुण शोथ, जो वाढला म्हणजे जीभ जखडते. त्यांत टाळूचे अर्बुद आहे. आणि अशा रोगांत वैद्याने रुग्णास, त्याच्या आप्तांस, आधी स्पष्ट सांगून मगच उपचारास हात घालावा, असा दंडकही तेथेच आहे. हे श्लोक मला पाठ होते. शेकडो वेळा मी ते म्हटले होते, बटूंकडून म्हणवून घेतले होते, चुकलेला स्वर सुधारला होता. शास्त्राने मला फसविले नाही. मी शास्त्राचा अर्धाच अध्याय वापरला. जो देण्याचा भाग होता तो घेतला, आणि जो 'हे माझ्या हातातले नाही' असे सांगावयास लावतो, तो पाठांतरापुरता ठेवला.

म्हणून आता मी जे सांगतो ते कृपा करून ध्यानात धरावे. साधा छाला दुखतो आणि दोन आठवड्यांत भरतो. जो व्रण दोन आठवडे, फार तर तीन, उलटूनही भरत नाही, तो मग दुखो वा न दुखो, त्यास साधा म्हणू नये. त्याच दिवशी दंतवैद्याकडे वा रुग्णालयात जावे. व्रणाची कड किंवा तळ बोटाला कठीण लागणे, तोंडात पांढरा चट्टा असणे जो पुसून निघत नाही, किंवा मखमलीसारखा लाल चट्टा असणे, विनाकारण दात हलू लागणे, गिळताना अडखळणे, मानेत गाठ येणे, ही लक्षणे असतील तर दोन आठवडेही थांबू नये. तुटका दात जिभेस घासत असेल तर तो आधी गुळगुळीत करवून घ्यावा किंवा काढवून घ्यावा. आणि वेदना नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. आरंभी हा रोग फारसा दुखत नाही, आणि त्याचा घात त्यातच आहे.

दुसरी गोष्ट तरुणांविषयी. कारखान्यांत काम करणारी, महाविद्यालयात जाणारी कित्येक मुले मजकडे येऊन म्हणतात, 'तिखट सहन होत नाही, तोंडात आग होते, उष्णता झाली आहे, काही थंड द्या.' पूर्वी मी देत असे. आता मी आधी त्यांचा खिसा पाहतो, म्हणजे त्यात सुपारीची वा गुटख्याची पुडी आहे काय ते विचारतो. १९५२ मध्ये श्वार्ट्झ याने केनियातील पाच भारतीय स्त्रियांत, आणि १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी भारतातील रुग्णांत, एका विकाराचे वर्णन केले. त्यात गालाच्या आणि टाळूच्या अस्तराखाली तंतू दाटतात, अस्तर पांढुरके व ताठर होते, आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. त्याचे पहिले लक्षण तिखटाने होणारी हीच आग. मुख्य कारण सुपारी. याची परीक्षा घरी करता येते : आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढील दातांमध्ये जातात काय ते पाहावे. जात नसतील तर सुपारी त्या दिवसापासून बंद, आणि दंतवैद्याची भेट. एकदा दाटलेले तंतू पूर्ववत होत नाहीत, आणि यातूनच काहींस पुढे कर्करोग होतो. तमाखू नसली तरी नुसती सुपारीही मनुष्यास कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला आहे.

येथे कोणी म्हणेल की, तांबूल तर शास्त्रात सांगितला आहे, देवालाही विडा देतात. सांगितला आहे, हे खरे. परंतु त्याच सुश्रुतांनी क्षत असलेल्यास, तृषार्तास, मूर्च्छा येणाऱ्यास, ज्याचे मुख शुष्क होते त्यास तांबूल वर्ज्य केला आहे. आणि संहितांत तमाखू नाही. ती सागरापलीकडून पोर्तुगीजांबरोबर आली. जेवणानंतरचा कापूर-लवंगेचा एक विडा, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत गालात दाबून ठेवलेली पुडी, यांना एकच नाव देणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. मला सर्वांत वाईट वाटते ते खैराचे. व्रण भरून आणणारा कात, व्रण उत्पन्न करणाऱ्या सुपारी-तमाखूच्या पुडीत घालून विकला जातो. देवाला दाखविलेल्या विड्यातील सुपारीचे काय करावे, असे मला एका मातेने विचारले. ती दाखवावी आणि ठेवावी. चघळलीच पाहिजे, असा विधी माझ्या पाहण्यात नाही.

पाठशाळेत आम्ही आता एक नवा परिपाठ घातला आहे. प्रतिपदेस आणि अष्टमीस अनध्याय असतो, हे आपण जाणताच. दर प्रतिपदेस सकाळी स्नानानंतर प्रत्येक बटू आणि मठातील प्रत्येक सेवक, गोठ्यातला, पाकगृहातला, बागेतला, उजेडात बसतो. आरशात आधी ओठ उलटून पाहावयाचे, मग दोन्ही गालांच्या आतील बाजू, हिरड्या, जिभेचा वरचा भाग, दोन्ही कडा, जीभ वर उचलून खालचा भाग, आणि शेवटी टाळू. स्वच्छ बोटाने चाचपून कोठे कठीण लागते काय ते पाहावयाचे. काही आढळले तर वहीत तिथी लिहावयाची, आणि पुढील प्रतिपदेची वाट न पाहता चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावयाचे. यासाठी कोणास तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. 'बरे वाटते' या उत्तराची नोंद आम्ही करीत नाही.

आज तिथी प्रतिपदा नाही. तथापि महाप्रसादानंतर उत्तरेकडील ओसरीवर आरसा आणि दिवा ठेवलेला आहे, आणि गावातील एक दंतवैद्य भगिनी श्रीगुरूंच्या विनंतीवरून सायंकाळपर्यंत तेथे बसणार आहेत. पुरुषांची आणि स्त्रियांची ओळ स्वतंत्र आहे. गोठ्यात आणि पाकगृहात काम करणाऱ्यांनी आपले काम आटोपण्याची वाट न पाहता आधी यावे. तोवर गायींकडे बटू पाहतील.